घरमालकाची एका दिवसाची भाची

मंडळी, आज मले शेलूबाजारात बसल्या जागी एक मामा भेटला.

मी इथं नर्स आहो. आमच्या घरमालकानं, म्हणजे शाळेतल्या सरांनी, कर्ज काढून वरचा मजला बांधला अन् मले भाड्यानं देल्ला. रोज 'मॅडम' म्हणणारे सर आज सकाळी चहा घेऊन वर आले.

"बेटा, टॅक्समध्ये मी सारं घर सोताच्या राहण्याचं दाखवून कर्जाचं व्याज वजा केलं. कोणी विचारलं तं सांग, तू माही भाची आहेस, फुकट राहून राह्यली."

"पण सर, भाडं दाखवलं तरी व्याज वजा होतेच ना?"

"होते. पण मंग भाडं दाखवा लागते ना!"

सरकारनं सरळ वाट देल्ली, तरी या माणसाले कुंपणाखालूनच घुसाचं आहे.

मी दोन्ही पाय पुढं केले. "मंग पडा पाया, मामा. आपल्याकडं मामा भाचीच्या पाया पडते."

सर चहा घेऊन तसेच खाली उतरले.

आत्ता त्यायचा मेसेज आला: "मॅडम, भाडं टाका."

सांगा बरं, भाचीले भाडं मागणारा मामा तुमच्या खानदानात आहे काय?