खतवाल्याचा व्यायाम

कडा गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी या खतवाल्यांचं दुकान आहे. व्यायाम केला की धंद्यात डोकं चालतं, हे ते युरियाची गोणी न्यायला आलेल्यालाही ऐकवतात.

गेल्या दुष्काळात इथला साखर कारखाना बंद होता आणि खताला गिऱ्हाईक नव्हतं. व्यायाम मात्र वाढला. सकाळी टँकर आला की ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे, दोन्ही हातांत भरलेल्या घागरी घ्यायचे आणि ज्यांची पोरं परजिल्ह्यात ऊसतोडीला गेली होती त्या म्हाताऱ्यांच्या दारात नेऊन ठेवायचे. कुणी हात जोडले की चिडायचे.

"हात काहून जोडता? मला डॉक्टरनं वजन उचलायला सांगितलंय."

दुकानाचं शटर उघडायला दुपार व्हायची. एकदा मी फिरून येताना विचारलं, "धंद्याचं काय?"

"डोकं लई चालायलंय," ते गंभीरपणे म्हणाले. मग माझ्या नव्या बुटांकडे बघून एक घागर पुढं केली. "तुमी नुसतंच फिरता. धरा ही."

एका आजीच्या दारापर्यंत नेताना माझा हात खांद्यातून निघतो की काय असं वाटलं.

तेव्हापासून मी मागच्या गल्लीनं फिरायला जातो. मला डॉक्टरांनी फक्त चालायला सांगितलंय.