खिडकीतून टाकलेली ओटी

बंगळुरूच्या मेट्रोत फलाटावर पाटी असते, पुढची गाडी किती मिनिटांत येणार त्याची. तीन म्हणजे तीन. गाडी येते, दारं उघडतात, दारं मिटतात, कुणी कुणाशी एक शब्द बोलत नाही. बारा वर्षं मी रोज अशीच ये-जा करते, आणि खरं सांगते, मला त्याचा केवढा तोरा होता! फोनवर आईला ऐकवायची, "तुमच्या नगरच्या एसटीचं काय, आली तर आली." आई म्हणायची, "येती की. उशिरा येती, पन येती." मागच्या महिन्यात माहेरी जाऊन परत आले, तेव्हापासून त्या पाटीकडे बघितलं की माझे डोळे भरून येतात. का ते सांगायला बसले आहे.

आई नगरच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता औषधांच्या हाती काही उरलेलं नाही. मी धावत आले आणि तिच्या उशाशी बसून राहिले. मनात देवाचा नुसता राग. जिनं जन्मभर मंगळवार-शुक्रवार सोडले नाहीत, तिच्या वाट्याला हे दुखणं? मग कशाला ते उपास आणि कशाला ती देवी! हे मी तोंडानं बोलले नाही, पण आईला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"यंदाची ओटी राहिली बघ माजी," ती म्हणाली.

आईचं माहेर कर्जत तालुक्यातलं, राशीनच्या जवळचं. लग्न होऊन भिंगारला आली तरी राशीनच्या देवीची ओटी तिनं एक वर्ष चुकवली नव्हती. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं तिनं आजारी पडायच्या आधीच एका कापडी पिशवीत बांधून देवघराखाली ठेवलं होतं. "तू भरून ये. येताना देवीचं कुंकू आन मला. आन एष्टीनंच जा हां, आपन देवीला कधी गाडी करून गेलो न्हाई." तिच्यासाठी एवढं एकच करायचं उरलं होतं. तिचे डोळे मिटायच्या आत ओटी पोचवायची आणि कुंकू घेऊन परतायचं.

सकाळी लवकर माळीवाडा स्टँडवर गेले. कर्जतमार्गे राशीनची गाडी साडेआठची. गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक तिच्यामागे धावले, खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत टाकून जागा धरू लागले, आणि मी मेली रांग कुठे लागते ते शोधत उभी! मग लहानपण आठवलं. आईचा हात धरून याच स्टँडवर मी पळायचे, आई पदर खोचून खिडकीतून पिशवी भिरकावायची, आणि त्या पिशवीला सगळा गाव मान द्यायचा. एकदा पिशवी पडली की ती जागा तुमची. मीही हातातली ओटीची पिशवी खिडकीतून सीटवर टाकली. आत एक म्हातारी बाई बसल्या होत्या, त्यांनी ती नीट सरकवून ठेवली. मनात म्हटलं, चला, जमलं की!

तेवढ्यात अण्णांचा फोन. आईची फाईल सापडेना. अण्णांना ऐकू कमी येतं, स्टँडवर गोंगाट, म्हणून मी भिंतीकडे सरकले आणि ओरडून ओरडून सांगू लागले. साडेआठची गाडी नवाच्या आधी कसली सुटतेय, हा माझा भरवसा. फोन ठेवून वळले तर फलाट रिकामा. जन्मात कधी वेळेवर न सुटलेली गाडी त्या दिवशी ठोक्याला सुटली होती, आणि आईची ओटी तिच्यातून निघून गेली होती.

मी तिथेच मटकन खाली बसले. शिकलेली, नोकरी करणारी बाई मी, स्टँडवर चारचौघांत हमसून हमसून रडले. आईनं जन्मात एक काम सांगितलं, तेही माझ्या हातून धड झालं नाही. लोकांनीच मला उठवून कंट्रोलरच्या खिडकीशी नेलं. त्या भल्या माणसानं फॉर्म मागितला नाही की नावगाव विचारलं नाही, स्वतःच्या मोबाईलवरून कंडक्टरला फोन लावला. बंगळुरूत एकदा माझा जेवणाचा डबा मेट्रोत राहिला होता, तेव्हा अर्ज भरला, ओळखपत्र दाखवलं, चार दिवसांनी डबा परत मिळाला. मिळाला हे खरं, मी नावं ठेवत नाही. पण इथे दोन मिनिटांत त्या म्हातारीचा आवाज माझ्या कानात होता.

"रडू नगं, पोरी. पिशवी माज्या मांडीवं हाय. ओटी हाय नव्हं? मी राशीनलाच चाललेय. कुनाची?"

"माझ्या आईची. सुमन नाव. दवाखान्यात आहे ती. मी पुढच्या गाडीनं येते."

"कशाला येतीस? तिचं नाव घिऊन भरते मी. तू आईपाशी जा."

पुढची गाडी साडेदहाला होती. का कोण जाणे, मी त्या बाईंचं ऐकलं. माझा नंबर त्यांना दिला, आईसाठी देवीचं कुंकू परतीच्या गाडीत द्यायला सांगितलं आणि परत दवाखान्यात आले.

आईनं विचारलं, "एवढ्यात आलीस? भरली?" क्षणभर वाटलं, खोटं बोलावं. पण तिच्याशी कधी खोटं पचलं नव्हतं. सगळं सांगितलं आणि तिच्या शिव्या खायला तयार झाले. तर ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "म्हंजी देवीनं ओटी बोलावून घेतली आन तुला माज्यासाठी ठिवलं. बैस हितं."

मी बसले. पावणेबाराला फोन आला, "भरली गं ओटी. कुंकू कंडक्टरपाशी दिलंय." आईला सांगितलं. तिनं दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला, एकच उचलला गेला, तो मी धरला. दीडच्या सुमाराला ती गेली. हात माझ्याच हातात होता.

गाडीत चढले असते तर त्या वेळी मी परतीच्या वाटेवर कुठेतरी असते. आणि पुढची गाडी धरली असती, तर आई गेल्यावर सुतकात मला देवळाची पायरीही चढता आली नसती. ओटी माझ्यापुढे निघून गेली म्हणूनच ती पोचली. हा चमत्कार की योगायोग, मी वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी माझ्या हुशारीवर राहिले असते तर दोन्हीकडून गेले असते.

आईला भिंगारला घरी आणलं. राशीनहून येणारी गाडी आमच्या जवळच्या नाक्यावरून नगरात शिरते. तिथे थांबा नाही. शेजारच्या काकू जाऊन हात दाखवून उभ्या राहिल्या, आणि गाडी थांबली. कंडक्टरनं कागदाची पुडी दिली. आई अहेवपणी गेली होती. सुतकात देवीचं कुंकू कसं, असं कुणीतरी कुजबुजलं, तर काकू म्हणाल्या, "तिनंच मागितलं हुतं, तिला आलंय." त्याच कुंकवानं आईचा मळवट भरला.

तेराव्यानंतर त्या बाईंना फोन केला. आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "मी काय केलं? मला जायचंच हुतं."

परत आल्यावर पहिल्या दिवशी मेट्रोत नकळत माझी पर्स शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली गेली. एका मुलीनं खुणेनंच विचारलं, कुणी येणार आहे का? येणारं आता कुणी नव्हतं. मी पर्स मांडीवर घेतली, सीटवर हात ठेवला आणि मराठीतच म्हटलं, "बैस हितं." तिला शब्द कळले नाहीत, पण ती बसली.