कंपनी कशी आहे?

कंपनीला वर्षभरात एक डॉलरही नफा झाला नाही, म्हणून मी इलिनॉय राज्याला तिचा वार्षिक रिपोर्टच पाठवला नाही. सांगण्यासारखं काही घडलं नाही, तर सरकारला उगीच कशाला त्रास! ढोल भाड्याने देणारी माझी ही एकट्याची एलएलसी, म्हणजे राज्याकडे नोंदवलेली छोटी कंपनी. गणपतीसाठी मंडळाने ढोल ठरवले आणि कंपनी चालू असल्याचा दाखला मागितला, तेव्हा कळलं की राज्याने ती केव्हाच बंद करून टाकली आहे.

उघडायची राहिलेली राज्याची नोटीस शोधली आणि गेलो मागच्या गल्लीतल्या काकूंकडे. नेपरव्हिलमधल्या निम्म्या मराठी घरांचे टॅक्स त्या भरतात. कंपनीची चौकशी माहेरवाशिणीसारखी करतात, ‘कशी आहे? बरं चाललंय ना तिचं?’ नोटीस मात्र कधी हातात घेत नाहीत. मटार सोलत बसतात आणि ज्याची नोटीस त्यालाच मोठ्याने वाचायला लावतात. ‘वारंवार कळवूनही उत्तर नाही’ इथे मी कागदाची घडी घालायला लागलो.

“थांबलास का? वाच की.”

“काकू, इन्कमच झिरो होतं हो!”

“टॅक्स वेगळा, रिपोर्ट वेगळा. कमाई नसली तरी जिवंत आहे, एवढं दरवर्षी कळवायचं असतं.”

हात धुऊन त्यांनी लॅपटॉप उघडला आणि कंपनी पुन्हा चालू करायचा अर्ज भरून टाकला. ढोल वाचले. पुढच्या वर्षीचा रिमाइंडर लावायला मी तत्परतेने माझा फोन पुढे केला. तो बाजूला सारून त्यांनी माझ्या बायकोला फोन लावला आणि तारीख तिला लिहून घ्यायला सांगितली.

“काकू, कंपनी माझी आहे.”

“म्हणूनच मेली होती.”