काकांचा धीर

आमच्या लाडक्या परदेशी फुटबॉल टीमची मॅच आपल्याकडे शनिवारी मध्यरात्री असते, म्हणून कोपरीच्या मंडळाच्या खोलीत आम्ही ती रविवारी सकाळी रेकॉर्डिंगवर बघतो. आधी कोणी स्कोअर बघायचा नाही, हा नियम.

टीम सतत हरते. आम्ही कोचला हाकला म्हणतो, तर तिसऱ्या मजल्यावरचे काका गुडघा चोळत म्हणतात, "नवी पोरं आहेत रे, वेळ द्या." गोल खाल्ला तरी कपाळावर आठी नाही.

मागच्या रविवारी त्यांनी येतानाच पेढे आणले. "सहज," म्हणाले. टीम पिछाडीवरून जिंकली, तेव्हा त्यांनी शांतपणे पुडा सोडला.

आज काका दारात दिसले, तसं सगळ्यांनी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"धीर धरा रे," काका बसता बसता म्हणाले. मॅच अजून लावलीही नव्हती.