शनीचं कडं

दुपारचं जेवण उरकून मी दिवाणावर आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच पंख्याची घरघर थांबते आणि छिन्नीचा ठोका ऐकू येतो. आमच्या ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या तोंडून निघतंच, "आता तरी झोपू द्या की हो."

"पाणी दे, शालन," हे म्हणतात.

हे म्हणजे शिल्पकार मुरलीधर कुडाळे. गावाबाहेरच्या टेकडीवर काळ्या दगडाची अख्खी सूर्यमाला ह्यांनी घडवली. दगड घडवताना धूळ छातीत जाऊ नये म्हणून छिन्नीवर पाण्याची धार धरावी लागते. ती मी धरली. शनीभोवतीचं कडं घासून घासून गुळगुळीत केलं तेही मीच, हाताची सालटं निघेपर्यंत. पेपरवाले फोटो काढायला आले तेव्हा मात्र मी आत चहा गाळत होते.

तांब्या आणायला स्वयंपाकघरात जाते, तर तिथं टेकडी. ओटा नाही, भिंती नाहीत. आमचा नळ तेवढा गवतात उभा राहून ठिबकतोय. बुध, शुक्र, मंगळ काट्याकुट्यात पडलेत, त्यांच्याकडे कुत्रं फिरकत नाही. गर्दी सगळी शनीपाशी. पाटीवरचं नाव वाचून एका साडेसातीवाल्यानं तेल ओतलं, दुसऱ्यानं रुईची माळ घातली, आणि बघता बघता ह्यांच्या ग्रहाचा देव झाला. देव झाला म्हटल्यावर बाईला मज्जाव आलाच. बोर्ड लागलाय : महिलांनी चौथऱ्यावर चढू नये.

हे चौथऱ्यावर मांडी घालून बसलेत. अंगात शेवटच्या आजारातला, दवाखान्यातला तोच हिरवा सदरा.

"वर ये ना."

"बोर्ड वाचा."

हे वाचतात आणि हसतात. त्या हसण्याचा मला संताप येतो. ह्यांना काय जातंय हसायला!

"लोकांचं सोड," हे म्हणतात. "छप्पर तेवढं घालू देऊ नकोस. थोरवे येईल संध्याकाळी. नाही म्हण."

दगड गावाला देताना ह्यांची एकच अट होती : डोक्यावर आभाळ उघडं राहिलं पाहिजे. आता तिथं देऊळ बांधायचं तर घरच्यांचा होकार हवा, म्हणजे माझा. तोच मागायला आमचे नगरसेवक आबा थोरवे येणार आहेत.

"तुमच्या आभाळापायी मी गावाशी वैर घेऊ?" मी म्हणते. "एवढे दगड घडवलेत. एकावर तरी माझं नाव आहे?"

गर्दी कुठं गेली कळत नाही. आता फक्त नळ ठिबकतोय. हे सदऱ्याची बाही खाली ओढतात आणि अगदी साधेपणानं म्हणतात, "घरच्या माणसाचं नाव कशाला कोरायचं?"

मला वाटलं होतं, मेल्यावर तरी माणूस शहाणा होत असेल. तळपायाची आग मस्तकात जाते. मी पदर खोचते आणि चढते. पायऱ्या दवाखान्याच्या आहेत, फिनेलचा वास येतोय. ह्यांचा डबा घेऊन महिनाभर ह्याच पायऱ्या चढले मी.

"सरका," मी म्हणते.

हे सरकतात. मी दोन्ही हात कड्यावर दाबते. तेलाचा राप बोटभर चढलाय. नखांनी खरवडते, तेव्हा कुठं माझा दगड लागतो, थंडगार.

"इथं जरा खरबरीत राहिलं होतं," हे बोटानं दाखवतात.

"राहू दे. तुम्ही आता जा," मी म्हणते. प्रेम होतं हो. तेच तर नडलं.

बेल वाजते. मी उठते. पंखा फिरतोय. दार उघडते तर नारळ नि शाल घेऊन आबा थोरवे उभे. अजून ऊनही उतरलेलं नाही.

"काकी, जरा लवकरच आलो. शनिवार आहे, आजच होकार द्या. पायाभरणीचा मानही तुम्हालाच. नारळ खालूनच वाढवायचा, तेवढं सांभाळा."

मी शाल घ्यायला हात पुढं करते. आबा शाल मागं ओढतात.

"काकी, हाताला काय लागलंय?"

मी बघते. दोन्ही तळवे काळ्या तेलानं माखलेत. नखांत राप भरलाय. करपट वास येतोय.

"शनीचं तेल," मी म्हणते. "वर चढून आले मी."

आबांचा चेहरा पडतो. "अहो काकी, विटाळ झाला की देवाला!"

"झाला ना?" मी म्हणते. "आता बांधा बघू देऊळ."