विमानातून दाखवलेला नैवेद्य

मला समुद्राचं वेड कुठून लागलं ते देवाला ठाऊक. आमचं गाव चाकणजवळचं कुरुळी. इथं पाणी म्हणजे नळाचं, नाहीतर टँकरचं. खरा समुद्र मी एकदाच पाहिला, कंपनीच्या सहलीत, अलिबागला, आणि तिथंही निम्मा वेळ जेवणाच्या रांगेत गेला. पण सुट्टीच्या दिवशी मी कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवतो. युद्धनौकेच्या डेकवर विमान उतरवायचं तर खालचा समुद्र समुद्रासारखा दिसायला नको का? आमच्या गेममधला समुद्र म्हणजे अंथरलेली निळी ताडपत्री. लाट नाही, फेस नाही, एवढं मोठं जहाज पण जरासुद्धा डुलायचं नाही. मला ते फार खुपायचं. "नको तिथं बरं खुपतं तुम्हाला," असं बायको म्हणायची.

जमीन मात्र खरी होती, उपग्रहाच्या फोटोंवरून केलेली. एका रविवारी सहज विमान चाकणकडे वळवलं. हायवे दिसला, ओढा दिसला, आणि ओढ्याच्या वळणाला आमचं रान! फोटो जुने होते. जिथं आता पत्र्याचं लांबलचक गोडाऊन उभं आहे, तिथं तपकिरी वावर, बांध, आणि मधोमध टिकलीएवढा काळा ठिपका. आमची विहीर. मी ओरडलोच. आई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

ते रान विकायला आईला मीच भाग पाडलं होतं. वडील गेलेले, सही तिची लागणार होती. "आता शेती कोण करतंय?" हे मी उठता-बसता म्हणायचो. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर: विहीर बुजवायची नाही. विहिरीच्या काठावर आसरा होत्या, पाण्याच्या देवता, शेंदूर लावलेले सात दगड. दर अमावास्येला आई तिथं दहीभाताचा नैवेद्य ठेवायची. सासूनं जाताना तेवढं एकच काम तिच्या गळ्यात घातलं होतं. "नाही बुजवत, आई. सांगतो ना, नाही बुजवत," असं मी तोंडभरून म्हणालो. घेणाऱ्याला विचारलंसुद्धा नाही. सह्या झाल्या आणि डंपर आले. त्या पैशांतून घर झालं, हा कॉम्प्युटरही त्यातलाच. आई त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी ती पडद्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"हिर हाय की रं!" ती म्हणाली. "जरा खाली घे की."

"अजून खाली घेतलं तर पडेल विमान."

"मग ऱ्हाऊ दे. दिसतीय हितनं."

पुढच्या अमावास्येला ती दहीभाताचं ताट घेऊनच खोलीत आली. मी काय समजायचं ते समजलो. विमान डाव्या पंखावर कलतं केलं आणि विहिरीभोवती घिरट्या घालायला लागलो. तिनं ताटाभोवती पाणी फिरवलं, मॉनिटरच्या कडेला हळदकुंकू लावलं, हात जोडले. मग एकदम दचकून म्हणाली, "ते पंखाखाली काय लोंबतंय?"

"बॉम्ब आहेत."

"काढ आदी! आसरांच्या डोक्यावरनं असलं काय घिऊन फिरतोस?"

तेव्हापासून अमावास्येला माझं विमान सोवळ्यात. ना बॉम्ब, ना मिसाइल. दर अमावास्येला मी शिफ्ट बदलून घ्यायचो आणि सुपरवायझरला काहीतरी थाप मारायचो. माझ्या मनावरचं ओझंही थोडं उतरलं होतं, खोटं कशाला बोलू. बुजवलेली विहीर मी तिला परत आणून दिली, असं मला वाटायला लागलं होतं.

मग गेमचं नवं अपडेट आलं. नवा समुद्र! खाली आणखी काय काय लिहिलं होतं, ते मी वाचलंच नाही. हपापलेल्या माणसासारखं बटण दाबलं. आणि काय समुद्र होता राव! वाऱ्याप्रमाणे लाटा बदलत होत्या, उन्हात पाणी चकाकत होतं, जहाजामागे फेसाची पांढरी वाट उमटत होती. उतरताना डेक चक्क खालीवर व्हायचा. पुढचे काही दिवस मी घरात असून नसल्यासारखाच होतो.

अमावास्येला आई दहीभात कालवत होती, तेव्हा मी विमान चाकणकडे वळवलं. ओढ्याच्या वळणाला पत्र्याचं छप्पर होतं. समुद्राबरोबर जमिनीचे फोटोही नवे आले होते. जुनी जमीन परत आणायची खूप खटपट केली, पण येईना. खरं सांगायला हवं होतं, पण जीभ रेटेना. मी विमान भीमा नदीच्या बाजूला नेलं, कुणाच्या तरी वावरात एक विहीर शोधली आणि तिच्यावर घिरट्या घालत बसलो.

आई ताट घेऊन आली.

"बघ आई, आपली विहीर," मी म्हणालो. ती थोडा वेळ बघत राहिली, तसं पुन्हा म्हणालो, "आपलीच आहे. फोटो जरा नवे आलेत."

तिनं पाणी फिरवलं, कुंकू लावलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले. मग विचारलं, "कुणाची हिर हाय ही?"

"आपलीच की. सांगितलं ना."

"म्हणून तर इचारते. एरवी तू सांगत न्हाईस, मी बगते. आज दोनदा सांगितलंस."

मी विमानाची उगाच आणखी एक घिरटी घातली.

"आपली परत बुजवली व्हय रं?"

"व्हय," मी म्हणालो. घरात मी असं बोलत नाही, पण त्या वेळी तेच तोंडातून आलं.

"कशापायी?"

समुद्रापायी, असं मी सांगितलं. ती म्हणाली, दाखव. मी दाखवला. लाटा आल्या, फुटल्या, पुन्हा आल्या. आई ताट हातात धरून बघत होती. नैवेद्याचा भात तसाच होता.

"पाणी झ्याक केलंय," ती म्हणाली आणि जायला वळली. दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाली, "सही करतानाबी मला म्हाईत हुतं. तवाबी तू दोनदाच सांगितलं हुतंस."