गोधडीच्या ठिगळासाठी तासगावपर्यंत

सहा वाजून पाच मिनिटांनी साताऱ्याच्या स्थानकातून सांगलीची एसटी हलली, तेव्हा माझ्या मांडीवर एक गाठोडं होतं. जुन्या निळ्या सुती साडीत घट्ट बांधलेलं. कंडक्टरने ते वरच्या फळीवर टाकायला हात पुढे केला आणि मी इतक्या जोरात "नको!" म्हटलं की पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली.

इरा, नील, त्या गाठोड्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या आईने शिवलेली गोधडी. लेस्टरला तुमच्याकडे आठ महिने राहून मी परत निघाले तेव्हा इरा ती सोडेना, म्हणून तिच्याजवळच ठेवून आले होते. मग एके दिवशी गोधडीवर कोको सांडला, इराने कुणाला न सांगता ती यंत्रात धुवायला टाकली आणि मधला हिरवा चौकोन फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. इराने रडत रडत मला फोन केला. मी काय म्हणावं? "साठ वर्षं टिकली होती ती." एवढंच म्हणाले. पलीकडे फोन बंद झाला. त्यानंतर तीन आठवडे इरा माझ्याशी बोलली नाही.

तुमच्या बाबाने गोधडी एका मित्राबरोबर माझ्याकडे पाठवली. शेजारच्या मीनाताईंची सून शुक्रवारी लेस्टरला परत जाणार होती, ती न्यायला तयार होती. निघाले तो मंगळवार. म्हणजे कापड शोधायला एक दिवस आणि शिवायला दोन. वहीत तसं लिहूनच ठेवलं होतं.

कराडपर्यंत शेतांवर धुकं होतं. त्यानंतर मात्र ऊस आणि ऊसच. ट्रॅक्टरच्या मागे दोन दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर आणि चालकाच्या डोक्याशी मोठ्याने वाजणारं गाणं. आष्ट्याजवळ एक ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. अर्धा तास तिथेच गेला. मी घरून आणलेलं धपाटं (ज्वारीच्या पिठाची तिखट पोळी) तेवढ्यात खाऊन घेतलं आणि वहीतली वेळ खोडून नवी लिहिली.

सांगलीत कापडपेठेतल्या एका जुन्या दुकानात गेले. गल्ल्यामागे चष्म्याला दोरी लावलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. गाठोडं सोडून मी म्हटलं, "या हिरव्या खणासारखा खण दाखवा. परदेशातल्या नातीची गोधडी आहे." खण म्हणजे चोळीचं जाडसर, काठाचं कापड.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. गोधडीवरून हात फिरवला. इकडे गोधडीला वाकळ म्हणतात. "वाकळ लई मायेनं शिवलीया," ते म्हणाले. "खण देतो की, पायजे तेवढा देतो. पण पहिल्या धुण्यात नवं कापड आटणार, आन जुन्याला ओढून आणखी फाडणार. मला विकायला काय जातंय? पण तुमची नात तिकडनं मला शिव्या घालंल."

"मग काय करू?"

"वापरून वापरून मऊ झालेला खण लावा. तासगावात मिळतो, तोबी स्वस्तात. बेदाण्याच्या शेडमध्ये जुन्या कापडाचं दुकान हाय म्हणतात. पाटी न्हाई त्याला. मी काय बघितलं न्हाई. इचारत जावा."

विकणाऱ्याने मला विकलं नाही, याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले. शेजारून तुमच्या बाबाच्या आवडीचं भडंग (तिखट मसाल्याचे चुरमुरे) घेतलं आणि तासगावची गाडी पकडली.

आता खरी गंमत. तासगावात उतरल्यावर मी एका रिक्षावाल्याला विचारलं, "बेदाण्याच्या शेडमधलं जुन्या कपड्यांचं दुकान कुठे आहे?"

त्याने माझा चष्मा पाहिला, घड्याळ पाहिलं, इस्त्रीची साडी पाहिली. "आवं आजी, तुमी कशाला जुनी कापडं घेताय? बसा."

त्याने मला काचेच्या दाराच्या, थंड हवेच्या मोठ्या दुकानासमोर उतरवलं. "हितं समदं ब्रँडेड मिळतंय," तो अभिमानाने म्हणाला आणि निघून गेला.

पुढे एका फुलवालीला विचारलं. तिनेही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तिकडं तुमच्यासारखी माणसं न्हाई जात, आजी. त्या कोपऱ्यावर सेल लागलाय, साड्या लय झ्याक हायेत." तिसऱ्याने तर मला पैठण्यांच्या दुकानाच्या पायरीपर्यंत हाताला धरून नेलं. कुणी खोटं बोलत नव्हतं, कुणी टाळत नव्हतं. मला चिंध्यांच्या दुकानाकडे पाठवणं त्यांना अपमानाचं वाटत होतं. मान देता देता सगळ्या तासगावाने मला दोन तास उन्हात फिरवलं.

शेवटी गणपतीच्या देवळाचं उंच गोपूर दिसेल अशा एका चहाच्या टपरीपाशी बसले. तीन वाजत आले होते. वही उघडायचंही मन होईना. आणि तेव्हा मला लेस्टर आठवलं. माझ्या पायांना बसतील असे लोकरी मोजे स्वस्तात मिळणारं ते दुकान, गाड्या धुण्याच्या जागेच्या मागे दडलेलं. तीन फेऱ्या मारूनही आपल्याला सापडलं नव्हतं. मी म्हणत होते, "जाऊ दे, लोक काय म्हणतील?" आणि इरा सरळ एका बाईंसमोर जाऊन म्हणाली होती, "माझ्या आजीचे पाय गार पडतात." नुसतं दुकान नाही विचारलं, कशासाठी ते सांगितलं. त्या बाई आपल्याला दारापर्यंत सोडायला आल्या.

मी गाठोडं सोडलं. चहावालीसमोर गोधडी पसरली आणि सगळं सांगितलं. इराचं रडणं आणि माझं ते वाक्यही.

"आवं मग आदी सांगायचं न्हाई व्हय!" ती ओरडलीच. "वाकळंला ठिगळ पायजे! पद्माक्काच्या शेडला न्या यांस्नी कुणीतरी." पाच मिनिटांत बाकाभोवती माणसं जमली आणि गर्दीतून पुढे आला तो मघाचाच रिक्षावाला.

"लय येडं केलंत की मला, आजी," तो म्हणाला. "मला वाटलं, तिकडं नेलं तर तुमी रागावशीला." जाता-येता त्याने रिक्षाचं भाडं घेतलं नाही. मी आग्रह केला तर म्हणाला, "मघाशी चुकीच्या जागी सोडलं, ते फेडू द्या."

गावाबाहेर, द्राक्षबागांच्या मधल्या कच्च्या रस्त्यावर ती शेड होती. उन्हाळ्यात इथे एकावर एक बांधलेल्या हिरव्या जाळ्यांवर द्राक्षं पसरून त्यांचे बेदाणे करतात. बाकीचे महिने जाळ्या रिकाम्या. त्याच जाळ्यांवर या दिवसांत जुनी कापडं पसरलेली होती. खाली धोतरं आणि चादरी, मध्ये सुती लुगडी, अगदी वर इरकली आणि खण. सगळ्या कापडाला बेदाण्याचा गोडसर वास. किलोवर विक्री. फेब्रुवारीत आला असतात तर दुकान दिसलंच नसतं.

पद्माक्का माझ्याच वयाच्या, जैन शेतकरी घरातल्या. बाग आणि शेड त्यांचीच. गळ्यात मोजपट्टी. गावोगाव जुन्या कपड्यांवर भांडी देत फिरणाऱ्या बायका आपली गाठोडी त्यांच्याकडे आणून टाकतात.

हे ऐकलं आणि मी मधल्या जाळीवरची लुगडी एकेक उलटून बघायला लागले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईच्या लुगड्या-चोळ्यांची आख्खी ट्रंक मी एका भांडीवालीला दिली होती," मी म्हटलं. "आई गेल्यावर वर्षभरात. घरात पसारा नको म्हणून. स्टीलच्या एका डब्यासाठी. वर झाकणावरून हुज्जतही घातली."

पद्माक्का खो खो हसल्या. "डबा हाय का अजून?"

"आहे. दिवाळीचे लाडू त्यातच असतात."

"मग गेलं न्हाई की वाया!"

त्यांनी वरच्या जाळीवरून एक हिरवा खण काढला. हुबेहूब तसा नव्हता. जरा गडद होता, पण काठ लालच. कुणाच्या तरी चोळीच्या पाठीचा तुकडा. उसवलेल्या शिवणीच्या जागी ओळीने बारीक भोकं होती. मी पाकीट काढलं.

"खण पैशावर देत न्हाई," पद्माक्का म्हणाल्या. "शहरातनं पर्सा शिवणाऱ्या येत्यात, समदा उचलून नेत्यात. मग वाकळवाल्यांनी जायचं कुठं? फाटकी वाकळ दावायची, एक जुनं कापड द्यायचं आन खण न्यायचा."

"माझ्याजवळ जुनं काही नाही हो."

त्यांनी गाठोड्याच्या निळ्या साडीकडे बोट दाखवलं.

तुमच्याकडे पहिल्यांदा विमानाने आले ती हीच साडी. विमानतळावर नीलने हिलाच तोंड पुसलं होतं. पण या बाईने मागितलं ते योग्यच होतं. मी साडी घडी करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गालाला लावून पाहिली. "लय मऊ झालीया. कुणाच्यातरी लेकराला व्हईल," म्हणाल्या आणि मधल्या जाळीवर पसरली.

त्या सूर्य मावळायच्या आत जेवतात. मलाही पानावर बसवलं. "आमच्यात कांदा-लसूण न्हाई, चालंल न्हवं?" भाकरी, वरण, शेंगांची चटणी आणि वाटीभर बेदाणे. दिवसभरात इतकं गोड काही खाल्लं नव्हतं. जेवताना मी त्यांना इराचं सगळं सांगितलं. निघताना म्हणाल्या, "नातीला तिकडं शिवाया येतंय?"

"नाही."

"मग समदं तुमी शिवू नगा. जिच्या हातनं फाटली, तिच्या हातचाबी टाका पडू द्या. न्हाईतर तिच्या मनातलं जायाचं न्हाई."

परतीची गाडी पलूसवरून कराडला जाणारी होती. गोधडी आता उघडीच माझ्या मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "टेकवू का जरा?" आणि आपलं तान्हं बाळ सरळ गोधडीवर ठेवलं. पलूसपासून कराडपर्यंत ते हललं नाही. इरा, तुझी गोधडी अजून झोपवते, एवढं नक्की.

बुधवारी आणि गुरुवारी मी खिडकीत बसून शिवलं. त्या वेळी फोनवर जे बोलायला हवं होतं, ते आता लिहिते आहे. तुझ्या हातून एक चौकोन गेला. माझ्या हातून आख्खी ट्रंक गेली, आणि मला तेव्हा कुणी रागावलंही नाही. रागावायचा मला काहीच हक्क नव्हता.

नव्या ठिगळाच्या तीन बाजू मी शिवल्या आहेत. चौथी सोडली आहे. दोरा तिथेच लोंबतो आहे, त्याला गाठ मारलेली नाही. सुई मीनाताईंच्या सुनेकडे वेगळ्या डबीत दिली आहे. रविवारी फोन कर, इरा. तू सुईत दोरा ओवलास की पहिला टाका कुठून घालायचा ते मी सांगेन.